वाणाच्या सह्या

द्वारा श्रीशैल गॅरेज, नगर नाका, बीड
दि. ८ जानेवारी २०२५

ती. सौ. विजयाताईस,
सोमेश्वरचा सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण तुझा फोन. चार वेळा लावला, चारही वेळा दाजींनी उचलला. पहिल्या वेळी म्हणाले, बोला, सरपंच बोलतोय. मी म्हणलं, दाजी, सरपंच माझी बहीण हाय, तिला द्या. तर म्हणाले, एकच हाय ते, काम सांग. आता तिळगूळ कधी आणू हे मी कोणत्या सरपंचाला विचारू? व्हॉट्सॲपवर टाकावं तर तेबी तेच वाचतेत. म्हणून बसम्माकाकूंच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर हे टाकतोय. काकू फोडून वाचतील, पण वाचून झाल्यावर तुला देतील तरी.

बातमी अशी की मला नोकरी लागली. हसू नको. ऊस तोडायच्या मशीनवरची कावून सोडली ते विचारू नको, आणि त्याच्या आधीची गुऱ्हाळावरची तर मी सोडलीच न्हाई, गुऱ्हाळच बंद पडलं, त्याचं असं झालं की तिथल्या गुळव्याला एकदा सासऱ्यानं... ते राहू दे, लांबण लागंल. ही नोकरी गाडी चालवायची हाय. पुण्याची एक सोलर कंपनी, तिचे आदिनाथ सर इथं बीडला येऊन राहिलेत. सर करतेत काय, ते मला अजून नीट कळलं न्हाई. विचारलं तर म्हणाले, लायझनिंग. म्हणजे काय, तर माणसांना माणसं भेटवायची. हे काम आपल्याकडं सोयरीक जुळवणारेबी करतेत, पण त्यांच्या शर्टाला अशी इस्त्री नसती. माणूस लई गोड. आमदारसाहेबांच्या बंगल्यावरच्या शिपायालाबी पोरीच्या बारावीचं विचारून मग आत जातो. कुणावर आवाज चढवला असं मी पाहिलं न्हाई.

सरांना तू टाकळदऱ्याची सरपंच हायस हे माहीत हाय. मी सांगितलं न्हाई, नोकरीला ठेवायच्या आधीपासूनच माहीत होतं. त्यांचं म्हणणं, कंपनीला गावातल्या बायांना संक्रांतीचं वाण द्यायचं हाय. स्टीलचा डबा, चांगला जाड, झाकणाला कडी. तुझं हळदीकुंकू कधी हाय ते कळव. ताई न्हाई म्हणणार न्हाई, असं मी बोलून बसलोय.

अण्णाला, मायला नमस्कार सांग. लोभ हायेच, तो दाजींच्या हाती न लागता वाढावा.

तुझा
सोमेश्वर


टाकळदरा, ता. शिरूर कासार
दि. १४ जानेवारी २०२५

चि. सोमेश्वर यास
अनेक आशीर्वाद. आज संक्रांतीचे आहेत, म्हणून गोड मानून घे.

पत्र मिळालं. काकूंनी फोडलेलं होतं. वर म्हणाल्या, भावाला सांग अक्षर सुधार, अर्धं लागत नाही. फोनचं तू मला काय सांगतोस? तहसीलदारांचा फोन आला तरी मला हे संध्याकाळी जेवताना कळवतात, तेही मीठ कमी आहे हे सांगून झाल्यावर.

तुझ्या कंपनीला मी ओळखते. गेल्या महिन्यात तिचा अर्ज आला. आपलं साठ एकर गायरान तीस वर्षांच्या भाड्याने पाहिजे. मी नाही म्हणून कळवलं. अण्णाची दोनशे मेंढरं कुठे चरतात हे तुला सांगायला नको, आणि वाडीतल्या चौदा घरांचं तेच आहे. गायरान गेलं तर अण्णाला कळप विकावा लागेल. अडुसष्टाव्या वर्षी तो काय ऊस तोडायला जाणार? तेव्हा त्या गोड माणसाच्या गाडीत बसून माझ्याकडे गायरानाचा विषय घेऊन आलास तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही.

आता वाणाचं. खरं सांगते, मला वाण पाहिजे आहे, आणि त्याचं कारण लाजेचं आहे. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते, तसा नियमच आहे. सरपंच झाले त्या वर्षी दवंडी दिली, फलक लावला. चार जणी आल्या, त्यांतल्या दोघी रेशन आलं का विचारायला. तेव्हापासून मी पंचायतीच्या ओट्यावरच हळदीकुंकू करते. कुंकू लावायचं, रजिस्टरात सही घ्यायची, वाण द्यायचं. दीडशेच्या वर सह्या होतात. ठराव कोणते लिहायचे ते मी ग्रामसेवक भाऊसाहेबांना सांगते, ते मागाहून सह्यांच्या वर लिहून काढतात. तसल्याच सभेच्या ठरावावर शाळेजवळ येऊ घातलेलं देशी दारूचं दुकान आम्ही अडवलं, तालुक्यात नाव झालं. पण गेल्या वर्षी त्याच सभेला वाणात चहाच्या गाळण्या दिल्या, त्यावरून बाया मला अजून टोमणे मारतात. मायचं नाव घेऊन म्हणतात, कडूबाईची लेक गाळून गाळून वाण देते.

म्हणून डबे घेते, पण तीन अटींवर. डब्यावर कंपनीचं नाव नको, भाषण नको, कंपनीचा माणूस नको. २५ तारखेला दुपारी दोन वाजता तू स्वतः घेऊन ये. दिवाळीला म्हणून निघालास तो तुळशीच्या लग्नाला पोचलास, तसं करू नकोस.

माय तुझी वाट बघते. माझी माया आहेच, ती सारखी तपासून बघत जाऊ नकोस.

तुझी
ताई


बीड
दि. २० जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या अटी सरांना सांगितल्या. तिन्ही अटींना लगेच हो म्हणाले, एकीवरबी घासाघीस न्हाई. मला बरं वाटायला पायजे होतं, पण कसंतरीच वाटलं. विकणारा पहिल्याच बोलीला हो म्हणाला की अण्णा शेळीचे दात परत तपासतो, तसं.

परवा विश्रामगृहावर मुक्काम होता. तिथला खानसामा वांग्याचं भरीत असं करतो की मी तीन भाकरी खाल्ल्या, आणि त्याची कहाणी अशी की तो मूळचा पैठणचा, लग्नात रुसून निघून आलता... पण सांगायचं होतं ते वेगळंच. सरांनी लॅपटॉपवर एक कागद टाईप केला आणि मला प्रिंट आणायला पाठवलं. आमदारसाहेबांनी अधिवेशनात विचारायचा प्रश्न होता तो. गायरानावरच्या सोलर प्रकल्पांना एवढा उशीर का, सरकार काय करतंय, असा. आमदाराचा प्रश्न कंपनी लिहिती, आणि उद्या त्याचं उत्तरबी सरकारकडून असंच येणार असंल तर मधल्या सगळ्या माणसांना भत्ता कशाचा हाय ते मला कळंना.

तासाभरानं दुसरा कागद दिला. वाचतो तर आपल्या गावच्या हनुमान पाटलाचं निवेदन. गायरान वाचवा, न्हाईतर आमरण उपोषण. तोच हनुमान पाटील जो निवडणुकीत तुझ्यासमोर पडला आणि ज्याच्या घरचं पाणी दाजी पीत न्हाईत. मी म्हणलं, सर, चुकून दुसऱ्याची फाईल निघाली. सर म्हणाले, चुकून न्हाई रे. विरोध व्हायलाच पायजे, त्यानं लोकांच्या मनातली वाफ जाती. फक्त तो कुणी करायचा, किती दिवस करायचा आणि सरबत कुणाच्या हातून घ्यायचं, हे आधी ठरलेलं बरं असतं. उपोषणाचा मांडव कंपनीचा, गाद्या कंपनीच्या, थंडी हाय म्हणून रगबी कंपनीचे. तिकडं वडवणीच्या बाजूला वाण चालत न्हाई म्हणून क्रिकेटच्या ट्रॉफ्या दिल्यात. विधानसभेला दोन्ही उमेदवारांच्या गाड्यांचं डिझेल एकाच पंपावर, एकाच पावतीपुस्तकावर भरलं होतं. मी विचारलं, मग सर आपण नेमके कुणाच्या बाजूचे? तर म्हणाले, निकालाच्या.

लई चीड आली ताई. पण कुणावर काढू? सर तर मला जेवताना शेजारी बसवतेत. तू जपून रहा एवढंच सांगायचं होतं. २५ला डबे घेऊन येतोच.

लोभ हाय तसाच ठेवावा, मी सुधारलो तर वाढवावा.

तुझा
सोमेश्वर


टाकळदरा
दि. २९ जानेवारी २०२५

चि. सोमेश्वर,
आशीर्वाद लिहायची आज इच्छा नाही, पण रिकामं पत्र मोठ्या बहिणीने लिहू नये म्हणून लिहिते.

तुझं २० तारखेचं पत्र मला काल मिळालं. शिक्का बघितला, बीडच्या पेटीत पडल्याची तारीख २५. म्हणजे जपून रहा असं लिहिलेला कागद पाच दिवस खिशात घालून हिंडलास. डबे द्यायला माझ्यापुढे तासभर उभा होतास, मायच्या हातचे धपाटे खाल्लेस, विश्रामगृहातल्या खानसाम्याचं लग्न कसं मोडलं ते ओट्यावर बसलेल्या सगळ्या बायांना सांगितलंस, आणि एवढं एक सांगायचं तुला सुचलं नाही.

आता काय झालं ते ऐक. त्या दिवशी एकशे त्रेसष्ट बायांच्या सह्या झाल्या. मायचा अंगठा मी स्वतः धरून लावला. भाऊसाहेबांना मी तीन ठराव सांगितले होते. अंगणवाडीचं पाणी, वाडीच्या रस्त्यावरचे दिवे, शौचालयाच्या कड्या. वरचं पान नेहमीसारखं कोरं सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन होऊन ग्रामसभा बसली आणि भाऊसाहेबांनी तीनच्या पुढे चौथा ठराव वाचला. साठ एकर गायरान सोलर प्रकल्पास तीस वर्षे भाड्याने देण्याची महिला सभा एकमताने शिफारस करीत आहे. त्यात हरित ऊर्जा, शाश्वत विकास, महिला सक्षमीकरण. आपल्या भाऊसाहेबांनी पुन्हा जन्म घेतला तरी त्यांना असले शब्द लिहिता यायचे नाहीत.

मी उठून म्हणाले, हा ठराव मी सांगितलेला नाही. मागून तुझे दाजी म्हणाले, सही तुझीच आहे, खाली बस. हनुमान पाटलाचं उपोषण आदल्या सकाळीच आमदारांच्या हातून मोसंबीचा रस पिऊन सुटलं होतं. सगळ्यात आधी टाळ्या त्याने वाजवल्या. वाडी मेंढरांमागे आणि अर्धं गाव ऊसतोडीला कारखान्यावर गेलेलं, सत्तरएक माणसं सभेला, त्यांचे हात वर झाले. संपलं. आईबहिणींनीच मागितल्यावर आम्ही कोण नाही म्हणणार, असं वर एकमेकांना म्हणत होते.

अण्णा ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने एवढंच विचारलं की, तुझ्या मायने अंगठा लावला तेव्हा तू तिथं होतीस ना? मी हो म्हणाले. तो मेंढरांकडे निघून गेला.

भाऊसाहेब म्हणतात, चौथा ठराव टाईप केलेला पाकिटातून आला. सरपंचबाईंचा भाऊ घेऊन आला, म्हणून तो सरपंचबाईंनीच पाठवला असं ते समजले. सोमेश्वर, पाकीट तू आणलं होतंस का? खानसामा नको, गुळव्या नको. हो की नाही, ते लिही.

ताई


बीड
दि. २ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हो.

पाकीट मीच आणलतं. सर म्हणाले, डब्यांची पावती हाय, ग्रामसेवकांना दे. मी फोडून पाहिलं न्हाई. बसम्माकाकू सगळ्यांची पाकिटं फोडतेत, त्यांना आपण नावं ठेवतो. त्या दिवशी मीबी फोडायला पायजे होतं.

तुझं पत्र घेऊन सरांकडं गेलो. गाडीची चावी टेबलावर आपटली. लई बोललो, कायबाय बोललो. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला. म्हणाले, तुझ्या बहिणीला एक वाट हाय, मीच सांगतो. तिनं लेखी द्यावं की सभा झालीच न्हाई, सह्या वाणाच्या हायत. ठराव त्याच दिवशी पडंल. पण मग मागल्या वर्षीच्या सभेचंबी तेच म्हणावं लागंल. दारूच्या दुकानवाल्याचा वकील वाटच बघतोय, त्यानं अर्ज केला की ते दुकान शाळेजवळ उभं. आणि खोटं रजिस्टर ठेवलं म्हणून सरपंचपद जाईल ते वेगळंच. एवढं सोसून ती बोलणार असंल तर तिनं जरूर बोलावं.

धमकी दिली असं मला म्हणताबी येईना ताई. साखर किती टाकू विचारतेत, तसं सांगितलं. आणि मी तो चहा पिलो. त्याचाच जास्त राग येतोय.

नोकरी सोडणार हाय. पगार दहा तारखेला होतो, तो झाला की सोडतो. तू म्हणशील तिथं येऊन पाकिटाचं सांगतो. चारचौघांत सांगतो.

लोभ मागायचं तोंड न्हाई. तरी मागतो.

सोमेश्वर


टाकळदरा
दि. ७ फेब्रुवारी २०२५

चि. सोमेश्वर यास
अनेक आशीर्वाद.

पाच दिवस विचार केला. स्वयंपाकात दोनदा मीठ विसरले, ह्यांना बोलायला विषय मिळाला. ह्यांचं म्हणणं, गप्प बस. गायरान सरकारचं आहे, तुझ्या बापाचं नाही, आणि पद मात्र आपलं आहे. यात्रेच्या मांडवाचं काम कंपनीने ह्यांना देऊ केलंय हे मला बाहेरून कळलं. विचारलं तर म्हणाले, गावाचाच मांडव आहे, देवाचं काम आहे.

मी बसम्माकाकूंपाशी रडले. दारूचं दुकान आलं तर ज्या बायांनी विश्वासाने सह्या केल्या त्यांना तोंड कसं दाखवू म्हणाले. काकू साखर तोलता तोलता म्हणाल्या, दुकान आलं तर उद्या पुन्हा भांडून बंद करता येईल, आपण जिवंत आहोत. गायरानाला एकदा तारेचं कुंपण पडलं की तीस वर्षं. तोवर मी नाही, तुझा अण्णा नाही, आणि तुझे केस पांढरे. माझ्या डोक्यात पाच दिवसांत जे बसलं नाही ते त्यांनी अर्ध्या किलोच्या पुडीत बांधून दिलं.

आणि एक सांगू? मला कंपनीपेक्षा माझाच राग येतो. बायांची सभा बायांनी बोलावं म्हणून असते. मी त्यांना न विचारता सही करायला शिकवलं. कोरं पान मीच तयार ठेवलं होतं. कंपनीला फक्त त्यावर लिहायचं होतं.

विशेष ग्रामसभा १६ तारखेला, रविवारी सकाळी दहाला लावली आहे. मी उभी राहून सांगणार. पण मी एकटी बोलले तर सगळं माझ्यावरच येईल. रजिस्टर माझं, सही माझी. तू येऊन पाकीट कोणी दिलं, काय सांगून दिलं, एवढी दोन वाक्यं बोललास तर कंपनीचं नाव सभेच्या कागदावर येईल. त्यासाठी ये. वाटेत कुठेही थांबू नकोस. नारायणगडाला खालूनच हात जोड, देव समजून घेईल.

वेळेवर आलास तर पूर्वीची सगळी थकबाकी माफ.

तुझी
ताई


बीड
दि. १८ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू ते कळत न्हाई. तरी जसं झालं तसं लिहितो.

नोकरी बारा तारखेला सोडली. सोळाला श्रीशैल गॅरेजवाल्याची मोटरसायकल घेऊन सकाळी सातला निघालतो. आठच्या आत नारायणगडाच्या पायथ्याला. खालूनच हात जोडले, तू सांगितलंस तसे. तिथं रस्त्याच्या कडंला एक कळप बसलेला. गेवराईकडचं मेंढपाळ जोडपं, म्हातारा आणि म्हातारी. एक मेंढी विताना अडलेली. पिल्लू आडवं आलतं. म्हाताऱ्याचा हात लकव्यानं चालत न्हाई, आणि म्हातारीला दिसत न्हाई. आता मी कसा जाऊ? अण्णानं शिकवलंय ते हातात हायेच. बाह्या वर केल्या. पाऊण तास लागला. पिल्लू जगलं, मेंढीबी जगली. पण ती उठंना म्हणून गुळाचं पाणी करून पाजलं, मग म्हातारीनं न जेवता सोडलंच न्हाई, त्यात बारा वाजले. टाकळदऱ्याच्या फाट्यावर आलो तर दीड वाजलता. सभेहून परतणारी माणसं दिसली. मी गाडी वळवली आणि परत आलो.

वरचं सगळं खरं हाय. पण आणखी एक खरं हाय, ते लिहिल्याबिगर हे पत्र टाकणार न्हाई. मेंढी अडलेली मला दिसली ती मी थांबल्यावर. आधी थांबलो, मग दिसली. गाडी कावून थांबवली विचारशील तर, अण्णा सभेत पुढं बसलेला असणार आणि त्याच्यासमोर मला म्हणावं लागणार की पाकीट मी आणलं, हे सातपासून डोक्यात फिरत होतं. मेंढी नसती तर म्या दुसरं काहीतरी शोधलं असतं. एखादा खानसामा.

रागाव. न रागावता राहू नको.

सोमेश्वर


टाकळदरा
दि. २४ फेब्रुवारी २०२५

चि. सोमेश्वर यास
आशीर्वाद.

रागावले नाही. रागावायला आता ताकद लागते, ती दुसरीकडे खर्च होते आहे.

सभेला कधी नव्हे एवढी माणसं. ठरावासाठी नाही, सरपंचबाई आणि सरपंचबाईचा नवरा समोरासमोर भांडणार हे बघायला. मी साडेअकरापर्यंत तुझी वाट बघितली. मग उभी राहिले आणि सांगितलं. महिला सभा झालीच नाही. ह्या सह्या वाणाच्या आहेत. यंदाच्याच नाही, गेल्या वर्षीच्याही. ही रीत मी पाडली. पाकिटाचं बोलले, तर तुझे आदिनाथ सर मागे खुर्चीवर होते, ते नम्रपणे उठून म्हणाले, मॅडम, आम्ही फक्त भगिनींना वाण दिलं, पाकिटाचा कोणी साक्षीदार असेल तर पुढे यावा. सगळ्यांनी इकडे तिकडे बघितलं. अण्णानेही बघितलं.

सांगितलं तेच लेखी दिलं आणि ठराव रद्द झाला. गायरान मोकळं आहे. सभेच्या कागदावर कंपनीचं नाव कुठेही नाही, माझंच आहे. दुसऱ्याच दिवशी माझ्या अपात्रतेचा अर्ज गेला. त्यावर आपल्या पॅनलच्या आणि हनुमान पाटलाच्या माणसांच्या सह्या एकाखाली एक आहेत. दोघांना आयुष्यात पहिल्यांदा एका कागदावर मीच आणलं म्हणायचं. भाषा वाचून कळतं तो कोणत्या लॅपटॉपवर टाईप झाला ते. दारूच्या दुकानाचाही अर्ज पुन्हा आला. फोन मात्र आता माझ्याकडेच असतो. शिव्या द्यायला फोन येतात, ते ह्यांना ऐकवत नाहीत.

काल मी महिला सभा घेतली. दुकानाचा ठराव नव्याने करायला. कुंकू नाही, वाण नाही, नुसतं दवंडी देऊन. दोनची वेळ होती, पाच वाजेपर्यंत ओट्यावर बसून राहिले. अकरा जणी आल्या. त्यांत माय, बसम्माकाकू आणि एक तर डब्याची कडी सैल आहे हे सांगायला आलेली. पण बसली. काकू म्हणाल्या, आधी ठराव वाच, मग सही. प्रत्येकीने तेच म्हटलं. मायने दोनदा वाचायला लावलं. भाऊसाहेब हळूच म्हणाले, बाई, पुढे जागा आहे, उद्या घरोघर फिरून सह्या घेऊ. मी अकराव्या नावाखाली रेघ मारली. अकराच लिहिल्या. एवढ्यांच्या ठरावावर दुकान थांबेल की नाही, मला माहीत नाही.

माझी सुनावणी ११ मार्चला बीडला कलेक्टर कचेरीत आहे. साक्षीदारांची नावं ३ तारखेच्या आत द्यायची आहेत. नाव दिलं की हजर राहावं लागतं. कंपनीचा वकील उलटसुलट विचारेल, पाकीट फोडून का बघितलं नाही म्हणून सगळ्यांदेखत हसेल. अण्णाही येणार आहे. तुझं नाव लिहू की नको, ते एका ओळीत कळव. तुला जमलं नाही तर नको. पण जमतं म्हणून लिहिलंस आणि आला नाहीस, असं मात्र करू नकोस.

तुझी
ताई


बीड
दि. २७ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

लिही: सोमेश्वर आप्पाराव देवकते, वय २६, धंदा मेंढपाळ, पाकीट मी आणलं.

तुझा
सोमेश्वर